स्मार्टफोनद्वारे छायाचित्रण आणि स्थानिक पुराव्यांचे जतन : उल्हासनगर कॅम्प ४ व अंबरनाथ परिसराच्या संदर्भात

बीजसंज्ञा : स्मार्टफोन, छायाचित्रण, उद्भासन, तिरपा प्रकाश, शिलालेख, निर्वासितांची कागदपत्रे

प्रस्तावना

महाविद्यालयीन प्राध्यापक आज ज्या साधनाने सर्वाधिक छायाचित्रे काढतात, ते साधन कॅमेरा म्हणून विकत घेतलेले नसते. क्षेत्रभेटीतील निरीक्षणे, विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातील पुरावे, ग्रंथालयातील जीर्ण पुस्तकाची पाने, राष्ट्रीय मूल्यांकन परिषदेस सादर करावयाची स्थाननिर्देशित छायाचित्रे ही सर्व कामे खिशातील फोनच पार पाडतो. कोणत्याही विभागाच्या संग्रहात अशी हजारो छायाचित्रे साठलेली आढळतात. त्यांपैकी पुढील अभ्यासकाला पुरावा म्हणून वापरता येतील अशी किती, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. उद्घाटन समारंभातील पुष्पगुच्छ स्पष्ट दिसतो. शिलालेखावरील अक्षर दिसत नाही.

उत्तम छायाचित्र म्हणजे डोळ्यांना सुखावणारे छायाचित्र, ही समजूत फोनच्या निर्मात्यांचीही आहे आणि त्यांनी आपली यंत्रे त्या समजुतीस अनुसरूनच घडविली आहेत. अभ्यासकाची गरज निराळी असते. त्याला दृश्य जसे होते तसे, तपासता येईल अशा स्वरूपात हवे असते. या दोन अपेक्षा पुष्कळदा एकत्र नांदतात. परंतु जेथे त्या परस्परविरोधी होतात, तेथे फोन आपल्या निर्मात्याची आज्ञा पाळतो. तो कोणते निर्णय परस्पर घेतो आणि ते निर्णय आपल्या हाती कसे घ्यावेत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. उदाहरणांसाठी उल्हासनगरचा कॅम्प ४ आणि त्यालगतचा अंबरनाथ परिसर निवडला आहे. दुसऱ्या महायुद्धकाळातील लष्करी छावणी, फाळणीनंतरची सिंधी निर्वासितांची वसाहत आणि अकराव्या शतकातील शिवमंदिर हे सर्व येथे पायी अंतराच्या टप्प्यात येते. छायाचित्रणाची बहुतेक अवघड प्रकरणे एकाच दिवसाच्या क्षेत्रभेटीत समोर यावीत, अशी ही भूमी आहे.

एका अंकाचा प्रश्न

अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख उत्तरेकडील दरवाजाच्या वरच्या तुळईवर कोरलेला आहे. शिलाहार राजा मुम्मुणी, म्हणजेच माम्वाणी, याच्या कारकिर्दीतील हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात वाचून प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनी त्याचा काळ शके ७८२ असा दिला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तोच लेख पुन्हा तपासून शके ९८२ हे वाचन मांडले. तेच आज सर्वमान्य आहे आणि म्हणूनच मंदिराचा काळ इ. स. १०६० असा सांगितला जातो. वा. वि. मिराशी यांनी संपादित केलेल्या, १९७७ मध्ये प्रकाशित झालेल्या शिलाहार लेखांच्या संग्रहातही हाच शक आहे. दगड तोच, लेख तोच; वाचनात एका अंकाचा फरक पडला आणि मंदिर दोनशे वर्षांनी पुढे आले.

भाऊ दाजींची विद्वत्ता वादातीत आहे, आणि छायाचित्रणाचेही या घराण्यास वावडे नव्हते. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे मुंबईतील आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक होते व १८५४ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीशी त्यांचा निकटचा संबंध होता. १८६८ मध्ये मुंबई सरकारने अंबरनाथच्या मंदिराची मोजमापे, रेखाटने, साचे आणि छायाचित्रे करवून घेतली, तेव्हा या तंत्राचे वय जेमतेम तीस वर्षांचे होते. काचपट्ट्या, रसायने आणि अवजड पेट्या घेऊन केलेल्या त्या कामाशी तुलना करता आजचा विद्यार्थी एका दुपारी दोनशे छायाचित्रे काढून परततो. त्या दोनशे छायाचित्रांत ७ आणि ९ यांच्यासारखे झिजलेले अंक वेगळे ओळखू येतील असे एकही नसेल, तर साधनाची सुलभता वाया गेली असे म्हणावे लागते.

झिजलेले कोरीव अक्षर वाचता येते ते त्याच्या रंगामुळे नव्हे, तर त्याच्या खोलगट कडेवर पडलेल्या सावलीमुळे. पृष्ठभागावर समोरून सर्वत्र सारखा प्रकाश पडला की खाच आणि सपाटी एकाच छटेची दिसू लागतात. फोनचा स्वतःचा फ्लॅश हा असा समोरून येणारा प्रकाश असल्याने शिलालेखासाठी तो जवळजवळ निरुपयोगी ठरतो. उलट, पृष्ठभागाला घासून जाणारा तिरपा प्रकाश अर्ध्या मिलिमीटरच्या खाचेचीही सावली पाडतो. यासाठी वेगळे उपकरण लागत नाही. एका व्यक्तीने फोन स्थिर धरावा आणि दुसरीने दुसऱ्या फोनची विजेरी दगडाच्या पातळीलगत, बाजूने धरावी. प्रथम डावीकडून, मग उजवीकडून, वरून आणि खालून अशी किमान चार छायाचित्रे एकाच जागेवरून घ्यावीत. उभी रेघ बाजूच्या प्रकाशात उमटते, आडवी रेघ वरच्या प्रकाशात. एकाच दिशेच्या प्रकाशावर विसंबणारा वाचक अर्धे अक्षर वाचतो. याच तत्त्वाचा विस्तार करून अनेक दिशांच्या प्रकाशातील छायाचित्रांवरून पृष्ठभागाचा उठाव गणिताने काढण्याची पद्धत टॉम माल्झबेंडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडली आणि ती आज पुरालेखविद्येत रूढ आहे.

अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांत खडू भरणे किंवा दगडावर पाणी, तेल ओतणे हे प्रकार अद्यापही क्षेत्रभेटींत घडतात. ते सर्वथा वर्ज्य मानावेत. मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे संरक्षित स्मारक आहे. २०१८ पासून अशा बहुतेक स्मारकांत साध्या छायाचित्रणास मुभा असली, तरी तिपाई वा अन्य साहित्य आणावयाचे असल्यास पूर्वपरवानगी घ्यावी लागते. शिवाय हे पूजेतले मंदिर आहे. गर्भगृहात छायाचित्र घेण्यापूर्वी तेथील पुजाऱ्यांस विचारणे हा नियमाचा नव्हे, तर रीतीचा भाग आहे.

सूर्याचे पंचांग

दाराच्या सावलीतील लेखाला विजेरी पुरते. मंदिराच्या बाह्यभिंतींवरील शिल्पांना सूर्यच लागतो. अंबरनाथ आणि उल्हासनगर सुमारे १९.२ अंश उत्तर अक्षांशावर वसले आहेत. त्यामुळे कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी, कोणत्या भिंतीवर ऊन असेल हे घरबसल्या काढता येते. मंदिर पश्चिमाभिमुख असल्याने दर्शनी बाजूस ऊन दुपारनंतर येते आणि गर्भगृहामागची पूर्वेकडील बाजू सकाळी उजळते. दक्षिण भिंतीचा काळ हिवाळ्याचा. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मध्यान्हीसुद्धा सूर्य क्षितिजापासून अवघा ४७ अंश वर असतो. त्या उन्हात शिल्पांचे कपाळ, नाक आणि दागिने आपापल्या सावल्यांसह स्पष्ट होतात आणि दिवसभर काम करता येते.

उत्तर भिंत अधिक हट्टी आहे. सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तिच्यावर थेट ऊन पडतच नाही, कारण त्या काळात सूर्य पूर्वेच्या दक्षिणेस उगवतो व पश्चिमेच्या दक्षिणेस मावळतो. शैक्षणिक सहली मात्र बहुतांशी डिसेंबर-जानेवारीत निघतात! एप्रिलच्या मध्यास सूर्य पूर्वेपासून सुमारे दहा अंश उत्तरेस उगवतो आणि पुढील साधारण दोन तास भिंतीला घासून जाणारे ऊन देतो. शिल्पांच्या उठावासाठी याहून चांगला प्रकाश वर्षभरात मिळत नाही. अट इतकीच की झाडे वा आसपासची बांधकामे आड येऊ नयेत. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीस पोहोचेतो सूर्य मध्यान्ही डोक्याच्या किंचित उत्तरेस असतो. परंतु तेव्हाचे ऊन भिंतीवरून सरळ खाली कोसळते, प्रत्येक कंगोऱ्याची सावली त्याखालच्या मूर्तीला झाकून टाकते, आणि जूनपासून तर पावसाचे ढगच असतात.

ढगाळ दिवस सर्वस्वी वाया जातो असे नाही. संपूर्ण मंदिराची रचना, शिखराचा भग्न भाग आणि कोनांमागून कोन काढीत गेलेला तळविन्यास या गोष्टी मंद, सर्वत्र सारख्या प्रकाशात अधिक नीट समजतात. त्रिमितीय प्रतिकृतीसाठी घ्यावयाची छायाचित्रेही ढगाळ दिवशीच घ्यावीत. त्यासाठी स्मारकाभोवती फिरत, प्रत्येक छायाचित्राचा सुमारे दोनतृतीयांश भाग पुढच्या छायाचित्रात पुन्हा येईल अशी मालिका घेतली जाते. कोल्मॅप किंवा मेशरूम यांसारख्या विनामूल्य प्रणालींत तीवरून प्रतिकृती उभारता येते. उन्हात घेतलेल्या मालिकेत सावल्या सरकतात आणि प्रतिकृतीवर त्यांचे डाग उमटतात.

फोन छायाचित्र कसे घडवितो

येथवरचे विवेचन कोणत्याही कॅमेऱ्यास लागू आहे. स्मार्टफोनचे वेगळेपण त्याच्या आकारातून येते. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या चौकटीचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर असते. साध्या फोनमधील प्रकाशसंवेदक बहुधा त्याच्या तिसाव्या हिश्श्याइतकाही नसतो. तेवढ्या लहान पृष्ठभागावर पडणारा प्रकाश मुळातच अपुरा, आणि अपुऱ्या प्रकाशातील चित्र दाणेदार होते. ही भौतिक मर्यादा भिंगाच्या कौशल्याने ओलांडता आली नाही; ती गणिताने ओलांडली गेली.

बटण दाबल्यावर फोन एक छायाचित्र घेत नाही. तो पाठोपाठ अनेक छायाचित्रे घेतो, हाताच्या कंपामुळे सरकलेली चित्रे परस्परांवर जुळवितो आणि त्यांची सरासरी काढतो. दाणेदारपणा यादृच्छिक असल्याने नऊ चित्रांच्या सरासरीत तो एकतृतीयांशावर येतो. गूगलच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत ही चित्रे मुद्दाम काळोखी घेतली जातात, जेणेकरून आकाशासारखे उजळ भाग पांढरे फटक पडू नयेत. नंतर अंधारे भाग गणिताने उजळविले जातात. २०१८ पासून रात्रीच्या छायाचित्रणासाठी याच विचाराचा विस्तार झाला. जाहिरातींतील ४८ वा १०८ मेगापिक्सेलच्या आकड्यांचा अर्थही येथेच लागतो. बहुसंख्य फोन चार किंवा नऊ शेजारी पिक्सेल एकत्र करून नेहमीचे छायाचित्र सुमारे १२ मेगापिक्सेलचेच देतात, आणि एकंदरीत ते योग्यच करतात.

यापुढील टप्पा अभ्यासकाने जपून पाहावा असा आहे. सरासरीनंतर फोन चित्राचे स्वरूप ठरवितो. आकाश अधिक निळे, पाने अधिक हिरवी, चेहरा नितळ आणि कडा धारदार होतात. त्याहून पुढे जाऊन काही फोन दृश्य ओळखून त्यात तपशील भरतात. मार्च २०२३ मध्ये एका वापरकर्त्याने मुद्दाम अस्पष्ट केलेले चंद्राचे चित्र संगणकाच्या पडद्यावर दाखवून सॅमसंगच्या फोनने त्याचे छायाचित्र घेतले. मूळ चित्रात उरलेच नव्हते असे तपशील छायाचित्रात उमटले. त्यानंतर कंपनीने हा प्रकार दृश्य ओळखून तपशील वाढविण्याच्या प्रक्रियेमुळे घडतो, असे स्पष्टीकरण प्रसिद्ध केले. चंद्राच्या बाबतीत ही हौस निरुपद्रवी आहे. झिजलेल्या अंकाच्या बाबतीत ती तशी राहात नाही.

काळा दगड आणि उजळलेली सावली

अंबरनाथचे मंदिर स्थानिक काळ्या पाषाणाचे आहे. फोनचा प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे असावे असे गृहीत धरतो. चौकट काळ्या दगडाने भरली की ते दृश्य अंधारे आहे असा त्याचा समज होतो आणि तो उद्भासन वाढवितो. परिणामी दगड करडा, धुरकट आणि जुन्या सिमेंटसारखा दिसतो. उन्हातील कडा पांढऱ्या होऊन त्यांवरील छिन्नीच्या खुणा नाहीशा होतात. पांढऱ्या चुन्याच्या भिंतीपुढे याच्या नेमके उलट घडते. उपाय सोपा आहे. ज्या भागाचे महत्त्व आहे त्यावर पडद्यावर बोट टेकवावे, काही क्षण तसेच दाबून धरून केंद्र व उद्भासन स्थिर करावे आणि बाजूस दिसणारी सूर्याची खूण किंवा पट्टी खाली ओढावी, म्हणजे दगड डोळ्यांना दिसतो तितकाच काळा होतो. पांढऱ्या भिंतीसाठी ती वर ढकलावी.

येथे एक विरोधाभास ध्यानात घेतला पाहिजे. अंधारे भाग उजळण्याची फोनची जी हातोटी घराच्या आतल्या छायाचित्रास वरदान ठरते, तीच शिल्पाच्या छायाचित्रास मारक ठरते. एप्रिलच्या सकाळी ज्या सावल्यांसाठी अभ्यासक पहाटे निघून आला, त्याच सावल्या फोन दोष समजून पुसतो. मूर्ती उजळ, स्वच्छ आणि सपाट होते. म्हणून अशा वेळी फोनमध्ये सोय असल्यास एचडीआर बंद करावे. तज्ज्ञांसाठीची प्रो पद्धत व रॉ स्वरूपातील नोंद उपलब्ध असेल तर तिचा अवलंब करावा. रॉ धारिणी आकाराने मोठी व दिसण्यात निस्तेज असते. परंतु धार, रंग आणि गुळगुळीतपणा यांविषयीचे फोनचे बरेचसे निर्णय तीत झालेले नसतात. सौंदर्यवर्धनाचे सर्व पर्याय कायमचे बंद ठेवण्यास कोणत्याही विद्याशाखेची हरकत नसावी.

मापाविना छायाचित्र अर्धवट होय. चौकटीच्या कडेला सेंटिमीटरची पट्टी ठेवून एक आणि पट्टीविना एक, अशी दोन छायाचित्रे घ्यावीत. नाणे ठेवण्याची पद्धत सोयीची खरी. पण नाण्यांची मापे बदलतात आणि वीस वर्षांनंतरच्या वाचकास ते नाणे आठवेलच असे नाही.

बॅरॅक, गल्ली आणि मागे न सरकण्याची अडचण

मंदिराजवळून वाहणारी वालधुनी नदी पुढे उल्हासनगरकडे जाते. तिच्या वाटेवरील या नगराची पायाभरणी ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते झाली. त्यापूर्वीच्या कल्याण छावणीत २,१२६ बॅरॅक होत्या. बहुतेक बॅरॅकमध्ये मधोमध लांब दालन आणि दोन्ही टोकांस खोल्या अशी रचना होती. सिंधमधून आलेली कुटुंबे या दालनांत आडोसे घालून राहिली. पुढे आडोशांच्या भिंती झाल्या, भिंतींवर मजले चढले आणि अनेक ठिकाणी मूळ बॅरॅक केवळ भूखंडाच्या लांबट आकारातून ओळखू येते. विठ्ठलवाडी स्थानकापासून लालचक्कीकडे येताना हा इतिहास पावलोपावली आहे. पण तो चौकटीत बसविणे कठीण, कारण गल्लीत मागे सरकावयास जागा नाही.

अशा वेळी सर्वसाधारण प्रवृत्ती फोन वर कलवून इमारतीचा माथा चौकटीत घेण्याची असते. फोन कलला की उभ्या रेषा वर एकवटतात आणि इमारत मागे पडते आहे असा भास होतो. फोन जमिनीस काटकोनात सरळ धरावा, अतिविस्तृत भिंग वापरावे आणि खालचा अनावश्यक रस्ता नंतर कापून टाकावा. समोरच्या घरातील जिना मिळाला तर पहिल्या मजल्याची उंची सर्वांत उत्तम. मात्र अतिविस्तृत भिंगाच्या कडांजवळ वस्तू ताणल्या जातात, म्हणून मोजमापाचा भाग मध्यावर ठेवावा. व्यक्तिचित्रासाठी हेच भिंग सर्वथा अयोग्य. फोनचे मुख्य भिंगसुद्धा मुळात विस्तृतच असते. हातभर अंतरावरून काढलेल्या चेहऱ्याचे नाक मोठे व कान मागे गेलेले दिसतात. दोन पावले मागे सरकून दुप्पट वर्धन वापरले की चेहरा मूळ प्रमाणात येतो. त्यापलीकडे, दूरदर्शी भिंग नसलेल्या फोनमध्ये झूम म्हणजे केवळ मोठी केलेली कात्रण होय.

बाजारपेठेतील दुकानांत एक निराळीच तक्रार ऐकू येते : छायाचित्रावर आडवे काळे पट्टे उमटतात. फोन सदोष नसतो. आपल्याकडील विद्युतप्रवाह सेकंदास ५० आवर्तनांचा असल्याने स्वस्त एलईडी दिवे सेकंदास १०० वेळा लुकलुकतात आणि फोनचा संवेदक चित्र ओळीओळीने टिपतो. प्रो पद्धतीत उद्भासनकाळ १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवल्यास पट्टे जातात.

गल्लीत, दुकानात वा कारखान्यात जेथे माणसे चौकटीत येतात, तेथे विचारल्याशिवाय छायाचित्र घेऊ नये. संशोधनासाठी घेतलेल्या छायाचित्राचा उपयोग कोठे होणार हे सांगून संमतीची नोंद ठेवावी. लहान मुलांच्या बाबतीत पालकांची संमती अनिवार्य समजावी.

घरातील कागद

या परिसरातील सर्वांत नाशवंत पुरावा दगडाचा नाही, कागदाचा आहे. फाळणीनंतर आलेल्या कुटुंबांकडे सिंधमधील शाळांचे दाखले, मालमत्तेची कागदपत्रे, १९५० च्या विस्थापित व्यक्ती दावे अधिनियमाखाली केलेल्या अर्जांच्या प्रती, पत्रे आणि छायाचित्रे कोठे ना कोठे जपून ठेवलेली असतात. कोकणपट्टीतील पावसाळी ओल त्यांना दरवर्षी थोडेथोडे खाते. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास आणि वालधुनीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरले. त्यात घराघरांतील कोणते कागद गेले याची यादी कोठेही नाही आणि होणेही शक्य नाही. ज्या पिढीला ते कागद वाचता येत होते, तीही झपाट्याने विरळ होत आहे. विद्यार्थी शेजारच्या घरी जाऊन हे कागद फोनवर टिपू शकतो. स्थानिक इतिहासाच्या दृष्टीने फोनचा याहून मोलाचा उपयोग दुसरा संभवत नाही. दुर्दैवाने याच कामी तो सर्वाधिक चुकीच्या रीतीने वापरला जातो.

पहिली चूक फ्लॅशची. चकचकीत कागदावर त्याचा पांढरा डाग पडतो. कागद खिडकीशेजारी, पण थेट ऊन लागणार नाही असा, काळ्या किंवा करड्या कापडावर सपाट ठेवावा. फोन कागदाला समांतर धरावा. त्यासाठी कॅमेऱ्याच्या पडद्यावर जाळी व समपातळीची खूण दिसत असल्यास तिचा आधार घ्यावा. प्लॅस्टिकचे आवरण चढविलेल्या दाखल्यावर चकाकी आलीच, तर फोन न हलविता कागदाची दिशा खिडकीच्या संदर्भात फिरवावी. जुन्या छायाचित्राची मागील बाजूही टिपावी. तेथे स्टुडिओचा शिक्का, गावाचे नाव किंवा तारीख असण्याचा संभव मोठा. अल्बममध्ये चिकटलेले छायाचित्र ओढून काढू नये. ते आहे तेथेच पानासह टिपावे.

दुसरी चूक अधिक गंभीर, कारण ती नीटनेटकेपणाच्या रूपाने येते. कागद टिपण्यासाठी बहुतेक जण स्कॅन करणारे उपयोजन वापरतात. हे उपयोजन पार्श्वभूमी पांढरी, अक्षरे काळी आणि डाग नाहीसे करते. देयकासाठी ते ठीक. सिंधी कागदासाठी मात्र धोक्याचे, कारण अरबी वळणाच्या सिंधी लिपीत ५२ अक्षरे आहेत आणि त्यांतील अनेक अक्षरांत भेद केवळ नुक्त्यांच्या संख्येचा व जागेचा असतो. काही अक्षरांना चार-चार नुक्ते असतात. उपयोजनाच्या लेखी बारीक ठिपका म्हणजे धूळ. ठिपका गेला की अक्षर बदलते, अक्षर बदलले की आडनाव किंवा गावाचे नाव बदलते, आणि पांढऱ्याशुभ्र प्रतीकडे पाहून तेथे काही होते अशी शंकाही कोणास येत नाही.

ही भीती अवास्तव नाही. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकशास्त्रज्ञाने झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांवर स्कॅन केलेल्या कागदांत आकडे परस्पर बदलत असल्याचे दाखवून दिले. धारिणी लहान करण्यासाठी ते यंत्र सारखे दिसणारे आकार एकच समजून एकाच्या जागी दुसरा बसवीत होते. ६ च्या जागी ८ येत होता. प्रत स्पष्ट, सुवाच्य आणि चुकीची होती. शके ७८२ चे ९८२ होण्यास निदान दुसरा विद्वान मूळ दगडापाशी जाऊ शकला. मूळ कागद भिजून नाहीसा झाल्यावर तसे कोणासही जाता येणार नाही.

म्हणून जतनासाठी घेतलेले छायाचित्र साधे, रंगीत, कागदाच्या चारही कडा आणि डाग दाखविणारे असावे. स्वच्छ काळी-पांढरी प्रत हवी असल्यास ती मागाहून त्यावरूनच तयार करावी. कागदाचा पिवळेपणा योग्य उमटावा म्हणून चौकटीच्या कडेस कोऱ्या पांढऱ्या कागदाची पट्टी ठेवली तरी पुरते.

मूळ धारिणीची वाटचाल

प्रत्येक छायाचित्राच्या धारिणीत दिनांक, वेळ, उद्भासनाचे तपशील आणि परवानगी दिलेली असल्यास स्थानाचे अक्षांश-रेखांश नोंदलेले असतात. मूल्यांकनासाठी महाविद्यालये ज्या स्थाननिर्देशाचा आग्रह धरतात तो हाच. चित्रावर उमटविलेल्या ठळक अक्षरांतील पत्ता ही त्याची केवळ सजावट, आणि अनेकदा ती नेमकी शिलालेखाच्या शेवटच्या ओळीवर बसते. उंच इमारतींच्या दाटीत उपग्रहांचे संकेत परावर्तित होत असल्याने कॅम्प ४ च्या गल्ल्यांत नोंदले गेलेले स्थान शेजारच्या गल्लीत दाखविले जाऊ शकते. ब्लॉक व बॅरॅकचा क्रमांक वहीत लिहिलेला बरा.

व्हॉट्सअ‍ॅपवर छायाचित्र नेहमीच्या रीतीने पाठविले की त्याचा आकार घटतो व धारिणीतील ही माहिती गळून पडते. विद्यार्थ्यांकडून प्रकल्पाची छायाचित्रे गटावर मागविणारा विभाग अशा रीतीने मूळ पुरावा स्वतःच्या हाताने गमावतो. तेच छायाचित्र डॉक्युमेंट म्हणून पाठविल्यास मूळ धारिणी जशीच्या तशी पोहोचते. त्याहून चांगले म्हणजे क्षेत्रभेटीच्या दिवशीच सर्व मूळ धारिण्या तारेने संगणकावर उतरवून घ्याव्यात, दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात, त्यांत काहीही बदल करू नये आणि उजळविलेल्या वा कापलेल्या प्रती वेगळ्या संचात ठेवाव्यात. सोबत एक साधा तक्ता असावा : धारिणीचा क्रमांक, दिनांक, जागा, प्रकाशाची दिशा, छायाचित्र घेणाऱ्याचे नाव, कागद ज्यांच्याकडील आहे त्यांची संमती. एचईआयसी स्वरूपातील धारिण्या महाविद्यालयातील जुन्या संगणकांवर उघडत नाहीत, असा अनुभव सार्वत्रिक आहे. फोनच्या मांडणीत जेपीईजी हा पर्याय क्षेत्रभेटीपूर्वीच निवडून ठेवावा, आणि त्याच वेळी भिंगावरील बोटांचे ठसे मऊ सुती कापडाने पुसून घ्यावेत.